डोंबिवली सोडून देवरुखला जाऊ का?

पत्र:

ताई, माझी बायको एकतीस वर्षांची आहे. मागच्या दिवाळीनंतर तिला डाव्या डोळ्याने धुरकट दिसायला लागलं, डोळा फिरवला की दुखायचा. चष्म्याचा नंबर बदलला असेल म्हणून आम्ही दोन आठवडे घालवले. मग पाय बधिर झाले. एमआरआय झाला, पाठीतलं पाणी तपासलं आणि डॉक्टरांनी मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, असं सांगितलं. पाच दिवस सलाइनमधून स्टिरॉइड दिलं. आता रोजच्या गोळ्या चालू आहेत आणि ती बरीच सावरली आहे.

ती मूळची कोकणातल्या देवरुखजवळच्या खेड्यातली. सहा वर्षांपूर्वी लग्न होऊन डोंबिवलीत आली. शेजारची इमारत पाडून टॉवर चाललाय, समोर रस्ता खणलाय. खिडकीचा कट्टा सकाळी पुसला तरी संध्याकाळी त्यावर बोटाने नाव लिहिता येतं. प्रदूषणाने एमएस होतो असं मी वाचलं. आई म्हणते, ‘चांगली धडधाकट मुलगी या धुरात आणलीस.’ फ्लॅट विकून बायकोच्या माहेरी जायचं मी ठरवलंय, तिथली हवा शुद्ध आहे. ती ठाण्यात बँकेत आहे, नोकरी सोडायला तयार नाही. रोज वाद होतात. घरात मी सगळी काळजी घेतो, सिगरेटसुद्धा गॅलरीत जाऊन ओढतो. माझं चुकतंय का? नाव छापू नये.

उत्तर:

नाव छापत नाही. पण त्या गॅलरीकडे मी परत येणार आहे, तयारीत राहा.

आधी सरळ उत्तर. फ्लॅट विकू नका. निदान या कारणासाठी आणि या वर्षात तरी नको. एमएसचं निदान झाल्यावर पहिलं वर्ष सगळं घर हादरलेलं असतं. त्या भरात माणसं घरं विकतात, नोकऱ्या सोडतात, कोणाच्या तरी सांगण्यावरून गोळ्या बंद करून काढे सुरू करतात. यातलं पहिलं आणि दुसरं तुमच्या मनात आलंच आहे, तिसऱ्यावर जाऊ नका.

आता तुमच्या आईंच्या वाक्याकडे येते, कारण पत्राचं खरं ओझं तिथे आहे. ‘या धुरात आणलीस.’ एमएसमध्ये आपलीच प्रतिकारशक्ती मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या नसांवरचं आवरण कुरतडते. विजेच्या वायरवरचं प्लास्टिक सोललं गेलं की दिवा फडफडतो, तसं तिच्या डोळ्याचं झालं. पण हे कुरतडणं दिवाळीनंतर सुरू झालं असं समजू नका. अमेरिकी सैन्यात भरती झालेल्यांच्या रक्ताचे नमुने वर्षानुवर्षं जपून ठेवतात. पुढे ज्यांना एमएस झाला त्यांचे जुने नमुने काढून तपासले, तेव्हा नसांची झीज दाखवणारं प्रथिन पहिल्या लक्षणाच्या साधारण सहा वर्षं आधीपासून वाढलेलं सापडलं. हे २०२० साली प्रसिद्ध झालं. सहा वर्षं म्हणजे तुमचं लग्न! तुमच्या बायकोच्या शरीरात काय केव्हा सुरू झालं हे कोणीच सांगू शकणार नाही, पण ती दादरला गाडीतून उतरली आणि आजार लागला असं सरळ गणित मांडायला काही आधार नाही.

त्याच सैनिकांच्या रक्तावरून २०२२ मध्ये आणखी मोठी गोष्ट पुढे आली. एक कोटीहून जास्त सैनिकांच्या नोंदी, वीस वर्षांचा काळ. एपस्टाइन-बार नावाचा एक विषाणू आहे, लाळेतून पसरतो. त्याची लागण झाल्यावर एमएसची जोखीम ३२ पटींनी वाढलेली दिसली. ज्या ८०१ रुग्णांचं रक्त तपासलं, त्यातला एक सोडून सगळ्यांना ती लागण होऊन गेली होती. हा विषाणू जगातल्या बहुतेक सगळ्या मोठ्या माणसांच्या अंगात असतो आणि त्यातल्या फारच थोड्यांना एमएस होतो. त्यामुळे तो एकटा पुरत नाही. वर काही जनुकं लागतात, ड जीवनसत्त्वाची कमतरता, लहान वयातलं जास्त वजन, तंबाखूचा धूर, असं काही काही जुळून यावं लागतं. खेड्यातल्या शाळेत चार मैत्रिणींनी एका डब्यात खाल्लं असेल, एका बाटलीला तोंड लावलं असेल, सुरुवात तिथेही झाली असेल. मग काय, त्या मैत्रिणींना दोष द्यायचा? आईंना हे समजावून सांगा, आणि हळू आवाजात सांगा. त्यांचं वाक्य काळजीतूनच आलंय, पण ते सुनेच्या कानावर रोज पडू नये.

आणि ‘आणली’ हा शब्द मला टोचला. बँकेत नोकरी करणारी मुलगी आहे ती, ट्रंक नव्हे.

आता हवा. तुम्ही वाचलंत ते खोटं नाही, अर्धं आहे. फिनलंडच्या नैर्ऋत्य भागातला २००३ सालचा एक अभ्यास आहे. ज्या महिन्यांत हवेतले धुळीचे कण सर्वांत जास्त, त्या महिन्यांत एमएसचा झटका, म्हणजे रिलॅप्स, येण्याची शक्यता चौपटीच्या वर गेलेली दिसली. इटलीतल्या लोम्बार्डीत मिलान आणि आसपासचा पट्टा कारखान्यांचा, वरून आल्प्सची भिंत, हिवाळ्यात हवा कोंडते. तिथल्या २००१ ते २००९ च्या नोंदी पाहिल्या, तर फार धुळीच्या आठवड्यानंतर रिलॅप्ससाठी दवाखान्यात भरती होण्याचं प्रमाण कमी धुळीच्या दिवसांच्या तुलनेत ४० टक्क्यांच्या आसपास वाढलेलं होतं. तेहरानमध्येही रुग्णांच्या राहत्या ठिकाणची हवा इतरांपेक्षा खराब आढळली.

हे दोन प्रश्न वेगळे आहेत, तिथे वाचकांचा नेहमी घोळ होतो. आजार असलेल्याला झटका येणं एक, आणि धडधाकट माणसाला मुळात आजार होणं दुसरं. दुसऱ्या प्रश्नावर उत्तरं उलटसुलट आहेत. कॅनडातल्या ओंटारियोत ६० लाखांवर माणसांच्या नोंदी तपासल्या. मोठ्या रस्त्याला लागून राहणाऱ्यांत स्मृतिभ्रंश जास्त आढळला, एमएस मात्र जास्त नव्हता. हे २०१७ चं. त्याच वर्षी अमेरिकेतल्या नर्सेसच्या दोन मोठ्या गटांवरचा अभ्यास आला, त्यातही हवेतल्या कणांचा आणि एमएसचा संबंध लागला नाही. उलट स्वीडनमध्ये गाड्यांच्या धुराशी संबंध दिसला. म्हणजे खटला चालू आहे, निकाल लागलेला नाही.

आणि नकाशा बघा ना. स्वीडन, नॉर्वे, कॅनडा या देशांत एमएसचं प्रमाण लाखामागे दोनशेच्या आसपास किंवा त्याहून जास्त. आपल्याकडे ते लाखामागे दहाच्या आसपास असावं असा अंदाज आहे. एमआरआयची सोय नसलेल्या तालुक्यांतून कितीतरी रुग्ण ओळखलेच जात नाहीत हे धरलं तरी दरी मोठीच राहते. नुसत्या हवेनेच हा आजार होत असता तर चंद्रपूर आणि दिल्ली जगात पहिल्या असत्या. त्यामुळे जोखीम वाढवणारी एक गोष्ट म्हणून हवेचं नाव घ्या. कारण म्हणून घेऊ नका.

तुमच्या कट्ट्यावरच्या धुळीबद्दल एक गोष्ट सांगते, ऐकायला विचित्र वाटेल. बोटाने नाव लिहिता येतं ती धूळ त्यातल्या त्यात बरी. ती जड असते, खाली बसते, नाकात अडकते. जे कण फुफ्फुसाच्या तळापर्यंत जातात त्यांना पीएम २.५ म्हणतात. केसाच्या जाडीचा तिसावा हिस्सा, आणि ते कट्ट्यावर दिसत नाहीत. डिझेल, कचऱ्याची शेकोटी, कारखान्याचं धुराडं, फटाके, चूल, यांतून ते येतात. डोंबिवलीकरांनी २०१४ मध्ये हिरवा पाऊस पाहिलाय आणि २०२० मध्ये गुलाबी रस्ता, त्यामुळे आपल्याकडे प्रदूषण म्हटलं की रंगीत काहीतरी डोळ्यांपुढे येतं. पण या बिनरंगाच्या कणांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये वर्षाची सरासरी मर्यादा घनमीटर हवेमागे ५ मायक्रोग्रॅम ठेवली, आणि आपल्या देशाची मर्यादा आहे ४०. हृदय आणि फुफ्फुसासाठी हे वाईट आहे यात वाद नाही. तेव्हा धुळीशी भांडायचंच आहे, एमएसचं काहीही ठरो.

आता गॅलरी.

फुफ्फुसाचा आणि मेंदूचा काय संबंध, असं तुम्हाला वाटेल. जर्मनीत गटिंगेनच्या संशोधकांनी २०१२ मध्ये उंदरांत दाखवलं, की नसांच्या आवरणावर हल्ला करणाऱ्या पेशी आधी फुफ्फुसात मुक्काम करतात आणि तिथे त्यांना जणू मेंदूत शिरायचा परवाना मिळतो. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, मान्य. पण मग स्वीडनची गंमत बघा. तिथे सिगरेट ओढणारे आहेत आणि ओठाखाली तंबाखूची पुडी ठेवणारेही भरपूर आहेत. सिगरेटवाल्यांत एमएसची जोखीम वाढली, पुडीवाल्यांत वाढली नाही. म्हणजे संशय निकोटिनवर कमी, फुफ्फुसात जाणाऱ्या धुरावर जास्त. (हे वाचून कोणी तंबाखू मळायला घेऊ नये. तोंडाच्या कॅन्सरचं सदर वेगळं आहे.) तिथेच आणखी एक गोष्ट दिसली. स्वतः कधीच न ओढणाऱ्या, पण दुसऱ्याच्या धुरात राहिलेल्या माणसांतही जोखीम साधारण ३० टक्क्यांनी वाढलेली होती. आणि निदानानंतरही जे रुग्ण ओढत राहिले, त्यांचा आजार दर वर्षामागे जास्त लवकर पुढच्या, सतत वाढत जाणाऱ्या अवस्थेत गेला.

तुमची बायको ओढत नाही असं मी धरून चालते. पण गॅलरीत ओढलेली सिगरेट गॅलरीत राहत नाही हो. दार उघडून तुम्ही आत येता, पहिले चार-पाच श्वास घरातच सोडता. शर्टाला, मिशीला तो वास असतो. संध्याकाळी वारा आतल्या बाजूला असेल तर धूर तुमच्या आधी हॉलमध्ये पोचलेला असतो. टॉवरवाल्या बिल्डरची धूळ तुम्ही थांबवू शकत नाही, खणलेला रस्ता महापालिका कधी बुजवेल ते तिलाच ठाऊक. हा एकच धूर असा आहे ज्याचा पुरावा सगळ्यांत भक्कम आहे आणि ज्याची चावी तुमच्या खिशात आहे. तीस-चाळीस लाखांचा फ्लॅट विकायला निघालात आणि काही रुपयांची कांडी सुटत नाही?

रागावू नका. पत्रात तुम्ही स्वतःहून लिहिलंत, त्यातच मला वाटतं तुम्हाला उत्तर माहीत होतं.

बरं, देवरुख. शुद्ध हवेबद्दल मी काही वाईट बोलणार नाही, पाऊस पडून गेल्यावर तिथे उभं राहिलं की छाती भरून येते. पण माझं अर्धं बालपण लांज्याजवळ मावशीकडे गेलंय. सकाळी बंबाखाली ओली लाकडं सारली की मागच्या पडवीत हात दिसत नसे, आणि मावशी पदराने डोळे पुसत फुंकणीने फुंकत बसे. स्वयंपाक गॅसवर आला तरी अंघोळीचं पाणी अजून कितीतरी घरांत लाकडावरच तापतं. उन्हाळ्यात भाताच्या रोपांसाठी राब भाजतात, म्हणजे वाफ्यावर पालापाचोळा पसरून जाळतात. कवळ, शेण, पालापाचोळा, सगळा धूर वाडीवर बसतो. फेब्रुवारीनंतर सड्यांवर वणवे लागतात. गावात राहायला गेलात आणि माहेरची म्हणून तिने आईला मदत करायला चुलीपुढे बसायचं ठरवलं, तर डोंबिवलीच्या रस्त्यापेक्षा जास्त पीएम २.५ तिच्या छातीत जाईल. मग हवापालट कसला?

त्याहून मोठी गोष्ट अंतराची. एमएसमध्ये पुढची दहा-वीस वर्षं कशी जातील हे कशावर ठरतं, तर औषध लवकर सुरू होणं, ते न चुकता चालू राहणं, ठरलेल्या वेळी एमआरआय आणि रक्त तपासणी होणं, आणि नवं काही वाटलं तर ओळखीच्या न्यूरॉलॉजिस्टला चटकन दाखवता येणं. आज हे तिला लोकलच्या अंतरावर आहे. गावाहून तेच रात्रीच्या गाडीचं तिकीट काढून यायचं झालं, तर पहिल्या वर्षी याल, तिसऱ्या वर्षी ‘बरी आहे की, पुढच्या महिन्यात जाऊ’ सुरू होईल. मी हे खूप घरांत पाहिलंय, डायबेटिसपासून फिट्सपर्यंत. सुट्टीला गावी जा, आंबे खा, पण बिऱ्हाड हलवू नका.

मग घरात काय करायचं? झाडू बाजूला ठेवून ओल्या फडक्याने पुसा. कोरड्या झाडूने धूळ फक्त जागा बदलते. मच्छर कॉइल आजपासून बंद. एक कॉइल जळून जितके बारीक कण सोडते तितके ७५ ते १३७ सिगरेटी सोडतात असं एका जुन्या मोजणीत निघालं होतं. खिडकीला जाळी बसवा. उदबत्ती-धूप रोज हवाच असेल तर खिडकीपाशी, आणि एकच. फोडणी देताना एक्झॉस्ट चालू. थंडीत पहाटे आणि रात्री हवा जमिनीलगत कोंडते, म्हणून खिडक्या दुपारच्या वेळी उघडा, चालायला जायचं तर तेव्हाच किंवा सकाळी ऊन वर आल्यावर. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या समीर अ‍ॅपवर हवेच्या गुणवत्तेचा आकडा (एक्यूआय) बघून घ्या. दोनशेच्या वर असेल त्या दिवशी बाहेर एन-९५ मास्क. रुमाल बांधून या कणांना काही होत नाही. एअर प्युरिफायर परवडत असेल तर झोपायच्या खोलीत एक ठेवा, बारीक कण अडवणाऱ्या हेपा फिल्टरचा. त्याने एमएसचे झटके टळतात असं मी म्हणणार नाही. खोकला-सर्दी कमी झाली तरी मिळवलं, कारण श्वासाच्या मार्गातला संसर्ग हे रिलॅप्सचं ओळखीचं निमित्त आहे. फ्लूच्या लसीबद्दल न्यूरॉलॉजिस्टला विचारा, चालू औषध कोणतं आहे त्यावर लस कधी आणि कोणती ते ठरतं.

इथे एक मेख आहे. धूळ नको म्हणून एप्रिल-मेमध्ये सगळ्या खिडक्या लावून बसलात तर घराची भट्टी होईल, आणि एमएसच्या माणसाला उष्णता बाधते. अंग तापलं की जुनी लक्षणं तात्पुरती डोकं वर काढतात, डोळा पुन्हा धूसर होतो, पाय जड होतात. श्रमानंतर डोळा असा तात्पुरता धूसर होतो हे उथॉफ नावाच्या जर्मन डॉक्टरने १८९० मध्येच लिहून ठेवलंय. अंग गार झालं की ते ओसरतं, तो नवा झटका नसतो. तेव्हा तिला गारवा आधी, धूळ नंतर. पंखा, ओला टॉवेल, जमलं तर एसी. घाबरायचं कधी? नवं लक्षण चोवीस तासांहून जास्त टिकलं, आणि ताप किंवा लघवीचा संसर्ग वगैरे काही नाही, तर डॉक्टरांना फोन. ताप असेल तर आधी ताप उतरवा आणि तरीही फोन कराच.

बिल्डरचं काम एकट्याने करू नका, सोसायटीच्या लेटरहेडवर करा. हिरवी जाळी, पाडकामावर पाणी मारणं, झाकलेला डंपर, वाळू-सिमेंट उघडं न ठेवणं, हे त्याने करायचंच असतं. फोटो तारखेसकट काढा, महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे पत्र द्या, पोच घ्या. पोच घेतल्याशिवाय उठू नका.

राहिली नोकरी. तुम्ही ‘सोडायला तयार नाही’ असं लिहिलंत, जणू हट्टच. एकतिसाव्या वर्षी ज्या बाईला आपल्या शरीराचा भरवसा वाटेनासा झाला, तिला सकाळी साडी-ड्रेस घालून काउंटरवर जाऊन बसणं म्हणजे काय वाटत असेल? पगार तर आहेच, कदाचित आरोग्य विमाही तिच्या नोकरीचा असेल, तो बघून घ्या. एमएसच्या थकव्यात गर्दीची लोकल जड जाते हे मात्र खरं. वेळ पुढे-मागे करून मिळते का, घराजवळच्या शाखेत बदली मागता येते का, हे तिने ठरवून तिनेच विचारावं. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात मल्टिपल स्क्लेरोसिसचं नाव आहे. आज ती बरी आहे, प्रमाणपत्राची गरज नसेलही, पण माहिती असू द्या. मुंबई आणि पुण्यात मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडियाच्या शाखा आहेत. तिथे तिच्याच वयाच्या, नोकरी करणाऱ्या, पोरं वाढवणाऱ्या बायका भेटतील. माझ्या या दोन पानांपेक्षा त्यांच्याशी अर्धा तास बोलणं तिला जास्त उपयोगी पडेल. तुम्हीही सोबत जा, पण तिथे कमी बोला.

तंबाखू सोडण्यासाठी सरकारची मोफत हेल्पलाइन आहे: १८००-११-२३५६. पहिला फोन हवं तर गॅलरीतूनच लावा.